दुखणं सोबतीला असताना : जुनाट आजार आणि मनाचं स्वास्थ्य
(नांदूरघाट, ता. केज, जि. बीड येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

समोर ज्येष्ठ मंडळी बसली आहेत, मायमाऊल्या आहेत, मागे काही तरुण पोरं उभी आहेत. बसून घ्या, बोलणं तासाभराचं आहे.

आज विषय मांडायला आम्ही मोठा ग्रंथ आणलेला नाही, एक प्रश्न आणलाय. याच भागात मागे आमचं बोलणं झालं, तेव्हा कार्यक्रम संपल्यावर एक मावशी जवळ आल्या. दहा-बारा वर्षांपासून त्यांना साखरेचा आजार, वर गुडघे धरलेले. त्या म्हणाल्या, "सर, सगळे म्हणतात आनंदी राहा, चांगला विचार करा. मी हसत राहिले तर माझी साखर उतरेल का?"

आम्ही त्या वेळी काहीतरी गोलमाल उत्तर दिलं. घरी जाताना वाटलं, हा प्रश्न इतका सरळ आहे की त्याला उत्तरही सरळच द्यायला हवं होतं. तेच आज द्यायचं आहे.

आधी आजाराकडे बघू. ताप येतो, चार दिवस राहतो, जातो. तो पाहुणा. पण मधुमेह, रक्तदाब, दमा, संधिवात, मूत्रपिंडाचा विकार, अर्धांगवायूनंतरचं अधूपण, पार्किन्सन हे पाहुणे नव्हेत. हे वस्तीला आले की घरातलेच होऊन बसतात. यातले काही गोळ्यांनी ताब्यात राहतात, पण बहुतेकदा "आता बरा झालो" असं म्हणायचा दिवस येत नाही. आणि ही गोष्ट थोड्याथोडक्या लोकांची नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा देशव्यापी अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार एकट्या मधुमेहाचेच आपल्या देशात सुमारे १० कोटी लोक आहेत. म्हणजे या मंडपातल्या कोणत्याही रांगेत हा विषय परका नाही.

आता गंमत बघा. जागतिक आरोग्य संघटनेने १९४८ साली आरोग्याची जी व्याख्या केली, ती साधारण अशी : शरीर, मन आणि समाज या तिन्ही बाबतीत संपूर्ण सुस्थिती म्हणजे आरोग्य. ऐकायला छान आहे. पण 'संपूर्ण' या शब्दात घोळ आहे. त्या मोजपट्टीने मावशी मरेपर्यंत आजारीच. सकाळी उठून त्यांनी सडा घातला, नातवाला शाळेत धाडलं, भजनाला गेल्या, तरी कागदावर त्या आजारी. म्हणून २०११ साली नेदरलँड्समधल्या मॅख्टेल्ड ह्यूबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा विचार मांडला. त्यांचं म्हणणं असं की समोर जे आलंय त्याच्याशी जुळवून घेण्याची आणि स्वतःचं स्वतः सांभाळण्याची ताकद म्हणजे आरोग्य. या मोजपट्टीने बघितलं तर साखरेचा आजार असूनही माणूस बऱ्यापैकी निरोगी असू शकतो. आज आपण जे बोलणार आहोत, त्याचा पाया हा आहे.

मग ते 'पॉझिटिव्ह' का काय म्हणतात, ते काय आहे?

मार्टिन सेलिगमन नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत. १९६७ च्या सुमारास त्यांनी आणि सहकाऱ्यांनी प्राण्यांवर प्रयोग केले. काहीही केलं तरी विजेचा झटका चुकत नाही, असा अनुभव काही कुत्र्यांना दिला. पुढे सुटायची वाट मोकळी ठेवली, तरी त्यातले बरेच कुत्रे जागचे हलेनात. 'आपल्या हातात काही नाही' हे ते शिकून बसले होते. याला शिकलेली असहायता म्हणतात. जुनाट आजारात नेमकं हेच होतं बघा. पथ्य पाळलं तरी एखाद्या वेळी साखर वाढते, औषध घेतलं तरी सांधा दुखतो. मग माणूस म्हणतो, जाऊ दे, काही केलं तरी तेच.

हेच सेलिगमन १९९८ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले आणि म्हणाले, आपण इतकी वर्षं मनाला काय बिघडवतं तेच शोधत बसलो. मनाला काय सावरतं, काय फुलवतं, तेही शोधू. तिथून सकारात्मक मानसशास्त्र ही शाखा नावारूपाला आली. त्यात आनंदासोबत कामातली तल्लीनता, नाती, आयुष्याचा अर्थ आणि काहीतरी पार पाडल्याचं समाधान या गोष्टी येतात. नुसतं हसत राहणं नव्हे. भिंतीवर सुविचार लिहिणं तर नव्हेच नव्हे.

आता मावशींचं उत्तर. नुसतं हसून साखर उतरत नाही. मनाच्या उमेदीवर आजाराचा निकाल ठरतो का, हे लोकांनी तपासून पाहिलंय. २००७ साली जेम्स कॉइन आणि सहकाऱ्यांनी डोकं-मानेच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांची माहिती तपासली. मनाने उभारीत असलेले लोक जास्त जगले का? तर तसं काही आढळलं नाही. हे ऐकून निराश होऊ नका. आम्हाला तर यात मोठा दिलासा दिसतो. एखाद्याचा आजार वाढला, तर तो 'पुरेसा सकारात्मक नव्हता' म्हणून वाढला, असं कुणालाही म्हणता येणार नाही. आपल्याकडे आजारी माणसावर हे दुसरं ओझं फार टाकतात. आधी आजार, वर 'तू मनानं खचलास म्हणून झालं' हा ठपका. ते ओझं आज इथंच उतरवून ठेवा.

मग मनाचं काम काय? गोळी रक्तात काम करते, पण ती डब्यातून तोंडापर्यंत न्यायला मन लागतं. चालायला जायला मन लागतं, तपासणीची तारीख लक्षात ठेवायला मन लागतं. मधुमेह असलेल्यांत उदासीचा आजार इतरांच्या साधारण दुप्पट आढळतो, हे अनेक अभ्यासांतून दिसलेलं आहे. आणि उदास माणूस पहिलं काय सोडतो? गोळ्या, चालणं, लोकांत जाणं. दुसरं म्हणजे, आजार तेवढाच राहिला तरी दिवस वेगळा जाऊ शकतो. त्या दिवसाला किंमत आहे की नाही? आहे.

आता हातात धरता येतील अशा पाच गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट : आधी रडू द्या. धडधाकट शरीर गेलं, हे एक जाणंच आहे. घरात कुणी गेलं तर आपण दहा दिवस सुतक पाळतो, लोक भेटायला येतात. शरीराची ताकद गेली तर मात्र दुसऱ्याच दिवशी म्हणतो, "धीर धर, हस बघू." कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक तुम्हाला माहीत असतील. ऐन सोळा-सतराव्या वर्षी त्यांचा कमरेखालचा भाग लुळा पडला. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचं आत्मकथन आहे. त्या काही एका रात्रीत उभारीला आल्या नाहीत. पुढे स्वतः चाकाच्या खुर्चीवर असून कामधंदा करणारा एक माणूस त्यांना भेटला आणि असंही जगता येतं हे डोळ्यांना दिसलं. नंतर त्यांनी नोकरी केली आणि १९८४ साली अपंगांसाठी 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था कोल्हापुरात उभी केली. यात क्रम लक्षात घ्या. आधी दुःख, मग आपल्यासारखाच एक माणूस, मग काम. उपदेश कुठेच नाही.

दुसरी गोष्ट : विसावा. इथं वारीला जाणारे किती जण आहेत? हात वर करा... बरेच आहेत. मग सांगा, दिंडी एका दमात पंढरपूर गाठते का? विसावे ठरलेले असतात. पाय दुखायला लागले म्हणून थांबत नाहीत, विसाव्याची जागा आली म्हणून थांबतात. संधिवात, दमा, सततचं दुखणं असलेले आपण उलटं करतो. ज्या दिवशी बरं वाटतं त्या दिवशी घर सारवून काढतो, धुणं, दळण, खुरपणी सगळं उरकतो. पुढचे तीन दिवस अंथरुणात. मग पुन्हा बरं वाटलं की तेच. यातून ताकद वाढत नाही, घटते. म्हणून काम वेळेने तोडा. अर्धा तास खुरपलं की दहा मिनिटं बांधावर बसायचं, दुखत नसलं तरी बसायचं. आणि वाईट दिवशीही थोडं हलायचं, पूर्ण आडवं पडायचं नाही. आपल्याला घागर मोजून वापरायची सवय आहे. टँकरच्या दिवसांत कुणी सकाळीच सगळं पाणी सांडत नाही. अंगातल्या ताकदीचं तेच करायचं.

तिसरी गोष्ट : मन लागेल तेव्हा काम करू असं म्हणू नका, छोटं काम करा, मन मागून येतं. हे आमच्या पदरचं नाही. गोव्यात 'संगथ' नावाची संस्था आहे. तिने आणि विक्रम पटेल यांच्या गटाने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. तीव्र उदासी असलेल्या ४९५ लोकांना त्यात घेतलं. त्यातल्या निम्म्यांना नेहमीच्या उपचारासोबत गावपातळीवरच्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका दिल्या. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसतज्ज्ञही नव्हते. शिकवून तयार केलेली साधी माणसं होती. बैठकीत काय करायचं? या आठवड्यात तुम्ही कोणतं एक आवडीचं किंवा गरजेचं काम करणार, कधी, कुणासोबत, एवढं ठरवायचं. तीन महिन्यांनी बघितलं तर बैठका घेतलेल्यांपैकी ६४ टक्के लोक उदासीतून बाहेर आले होते. नुसता नेहमीचा उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. म्हणून काम छोटं ठरवा. 'रोज फिरायला जाईन' नको. 'उद्या सकाळी चहा झाला की मारुतीच्या देवळापर्यंत जाईन, शेजारणीला घेऊन' असं ठरवा.

चौथी गोष्ट : दिवसाचा हिशेब, पण दोन्ही बाजूंनी. आपण दुखण्याचा हिशेब पक्का ठेवतो. कालपेक्षा आज किती दुखलं, ते तोंडपाठ. जमेची बाजू कोरी. २००३ साली रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककुलो यांनी याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातला एक भाग खास आपल्या कामाचा आहे. स्नायू आणि मज्जातंतूंचे जुनाट आजार असलेल्या ६५ जणांपैकी काहींना २१ दिवस रोज, ज्याबद्दल बरं वाटलं अशा गोष्टी लिहायला सांगितल्या. त्यांना झोप अधिक चांगली लागली आणि दिवस अधिक समाधानाचे गेले. आजार गेला नाही, झोप सुधारली. ज्याला रात्रभर डोळा लागत नाही त्याला विचारा ही किती मोठी गोष्ट आहे.

आणि नावेची बाजू? तीही दाबायची नाही. १९९९ साली जोशुआ स्मिथ आणि सहकाऱ्यांनी दमा आणि संधिवाताच्या रुग्णांना तीन दिवस, रोज वीस मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात दुखऱ्या प्रसंगाबद्दल लिहायला लावलं. दुसऱ्या गटाने आपल्या दिवसाच्या बेतासारखं साधंच काहीतरी लिहिलं. चार महिन्यांनी दुखरं लिहिणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांच्या प्रकृतीत सुधारणा दिसली, दुसऱ्या गटात साधारण पाव लोकांत. नंतरच्या अभ्यासांत फायदा इतका मोठा दिसला नाही, तेही सांगायला हवं. पण दुखणं बाहेर काढल्यानं थोडं हलकं होतं, एवढं म्हणायला जागा आहे.

तुम्ही म्हणाल, लिहिता येत नाही त्यांनी काय करायचं? अहो, आपल्या आज्या-पणज्यांना कुठे लिहिता येत होतं? पहाटे जात्यावर बसायच्या आणि सासर, माहेर, गेलेलं लेकरू, सगळं ओवीत घालायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेडोपाडी फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. एक लाख! जातं गेलं, गिरणी आली, हे चांगलंच झालं, पाठीचे कष्ट वाचले. पण मन मोकळं करायची जागाही त्याबरोबर गेली. तिच्या बदल्यात काहीतरी लागेल. पारावर, ओट्यावर, बचत गटाच्या बैठकीत.

तिथून पाचव्या गोष्टीवर येतो : आपल्यासारखी माणसं. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लॉरिग यांनी जुनाट आजाराच्या रुग्णांसाठी एक शिकवण तयार केली. आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. शिकवणारे मुख्यतः स्वतः असा आजार असलेले लोक. संधिवाताच्या रुग्णांत त्यांना एक गोष्ट आढळली. कुणाला किती फायदा झाला, हे त्यानं व्यायाम किती केला यापेक्षा, 'हे मला सांभाळता येतं' हा भरवसा किती वाढला यावर जास्त अवलंबून होतं. मघाशी असहायता शिकता येते म्हणालो ना, तसा भरवसाही शिकता येतो. आणि तो डॉक्टरपेक्षा शेजारच्या रुग्णाकडून लवकर येतो. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. हात थरथरणारी, पाऊल अडखळणारी माणसं तिथं एकत्र येतात, सहलीला जातात, काही जण तर नाचाच्या वर्गाला जातात. नांदूरघाटात नाचाचा वर्ग नसेल. पण साखर असलेल्या दहा बाया आठवड्यातून एकदा एका ओट्यावर बसू शकतात. त्याला कुणाची मंजुरी लागत नाही.

या पाचही गोष्टींच्या तळाशी एक गोष्ट आहे, ती म्हणजे आपण अजून कुणाच्या तरी उपयोगाचे आहोत ही जाणीव. बाबा आमट्यांना मणक्याचा असा विकार होता की त्यांना बसताच येत नसे. एक तर उभं राहायचं, नाहीतर आडवं व्हायचं. अशा अवस्थेत, सत्तरी ओलांडलेल्या माणसाने १९८५ साली कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' यात्रा काढली. आपण काही बाबा आमटे नाही. पण आजारी माणसाकडून सगळी कामं काढून घेणं ही माया नव्हे, हे त्यातून शिकता येतं. घरच्यांनो, ऐकताय ना? आजोबांना शेंगा निवडायला द्या, हिशेब लिहायला द्या, नातवाला गोष्ट सांगायला द्या. "तुम्ही बसा हो, तुम्हाला नाही होणार" हे वाक्य फार आत लागतं.

आता एक कडू गोष्ट बोलायला हवी. ती टाळली तर हे सगळं पोकळ ठरेल. आपल्या भागातून दर साली दिवाळीच्या आगेमागे हजारो कुटुंबं ऊस तोडायला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. पहाटे फडात, रात्री कोपीत. अशा बाईला आम्ही 'विसावा घ्या' म्हणणं सोपं आहे, पण तिनं मोळी टाकली नाही तर कोयत्याचा हिशेब कोण भरणार? बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. ज्या व्यवस्थेत दुखण्याला सुट्टी नाही, तिथं दोष मनाचा नसतो. मानसशास्त्राने याची भरपाई करायचा आव आणू नये. मजुरी, रजा, फडाजवळ दवाखाना, या मागण्या मागायच्याच आहेत. या पाच गोष्टी त्या मागण्या मागायला अंगात बळ राहावं म्हणून आहेत.

तोवर निघण्याआधी एवढं तरी करा. गोळ्या संपायच्या आधी आशाताईंना सांगा, आरोग्य केंद्रातून पुढच्या गोळ्या आणि औषधांची चिठ्ठी सोबत घ्या. चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, म्हणजे कारखान्याकडच्या सरकारी दवाखान्यात दाखवता येईल. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते उन्हात ठेवू नये. एका मडक्यात दुसरं छोटं मडकं, मध्ये ओली वाळू, आणि आतल्या कोरड्या मडक्यात झाकून इन्सुलिन. इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी फडात जाऊ नका. ओच्याला गुळाचा खडा किंवा साखर असू द्या. घाम सुटला, थरथरलं, डोळ्यांपुढं अंधारी आली तर लगेच तोंडात टाका आणि बसा.

शेवटी दोन प्रश्न आले आहेत.

एका तरुणानं विचारलंय, "मन खंबीर केलं तर गोळ्या हळूहळू बंद करता येतील का?" नाही. गोळी कमी करायची की नाही हे तपासणी बघून डॉक्टर ठरवतील. जो कुणी 'विचारांची ताकद वापरा, औषध सोडा' म्हणतो, त्याच्यापासून चार हात लांब राहा.

दुसरा प्रश्न चिठ्ठीवर आलाय, नाव नाही. "जगावंसं वाटत नाही. घरच्यांना ओझं झाल्यासारखं वाटतं." ज्यांनी हे लिहिलं त्यांना आमचं सांगणं : तुम्ही हे लिहिलंत, हे फार मोठं काम केलंत. हा तुमचा दुबळेपणा नाही. दोन आठवड्यांहून जास्त कशातच मन लागत नसेल, झोप-भूक गेली असेल, तर तोही एक आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. टेलिमानस ही सरकारची मोफत सेवा आहे, १४४१६ हा नंबर, रात्री-अपरात्री कधीही लावा, मराठीत बोला. अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही दाखवता येईल. आणि आज कार्यक्रम संपल्यावर आम्ही लगेच निघणार नाही, इथंच बसलेलो आहोत. बाकी कुणाला कळायचं कारण नाही.

तर मावशी, तुम्ही आज आला असाल तर तुमचं उत्तर असं : हसल्यानं साखर उतरणार नाही. साखर गोळीनं, जेवणानं, चालण्यानं ताब्यात राहील. पण सकाळी उठून गोळी घ्यावीशी वाटावी, देवळापर्यंत चालावंसं वाटावं, त्यासाठी दिवसात काहीतरी आपलं असायला हवं. एखादी मैत्रीण, एखादं काम, एखादा विसावा. तेवढं जमवू. आणि ज्या दिवशी हसू येणार नाही, त्या दिवशी हसू नका. गोळी तेवढी घ्या.

इथं थांबतो.